इलेक्ट्रॉनची वाट

ओल्या मातींत पावलें उमटलेलीं दिसलीं म्हणजे माग काढणारा जाणता मनुष्य त्यांवरून बरेंच कांहीं सांगतो. चालणारा कोणत्या दिशेनें गेला, सावकाश गेला कीं धांवत गेला, त्याच्या डोक्यावर ओझें होतें कीं नव्हतें, हें सर्व तो ठशांच्या खोलीवरून व अंतरावरून ओळखतो. एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंत जमीन कोरीच असते. परंतु त्या कोऱ्या जागेवरूनहि चालणारा गेला, मधल्या प्रत्येक क्षणीं तो कोठें तरी होताच, याविषयीं कोणालाहि शंका येत नाहीं. गति म्हणजे काय, या प्रश्नाचें मनुष्याच्या मनांत पिढ्यान् पिढ्या वसत आलेलें उत्तर हेंच आहे. वस्तु एका स्थळाहून निघते, मधलीं सर्व स्थळें क्रमानें ओलांडते आणि दुसऱ्या स्थळीं पोंचते. न्यूटननें १६८७ सालीं आपले गतीचे नियम प्रसिद्ध केले ते याच समजुतीला गणिताचें रूप देऊन. या क्षणीं वस्तु कोठें आहे आणि तिचा वेग किती व कोणत्या दिशेला आहे, या दोन गोष्टी सांगितल्या आणि तिजवर कोणतीं बलें चालतात तें सांगितलें, कीं तिची पुढची सारी वाट कागदावर काढून देतां येते. हॅलेचा धूमकेतु १७५८ सालीं भाकिताप्रमाणें परत दिसला तो या नियमांची साक्ष देण्यासाठींच जणूं.

अणूच्या आंत शिरल्यावर मात्र ही समजूत टिकेना. इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांच्या गतीचें जें नवें शास्त्र १९२५ ते १९२७ या तीन वर्षांत उभें राहिलें, त्याला क्वांटम मेकॅनिक्स किंवा मराठींत पुंजयामिकी असें म्हणतात. या शास्त्रांत कणाला पाऊल आहे, पण दोन पावलांच्या मधलें चालणें नाहीं. हें विधान ऐकणाराला जितकें विचित्र वाटतें तितकेंच तें मांडणारांनाहि वाटलें होतें. आणि त्यांना सर्वांत अधिक छळलें तें एका साध्या काचेच्या पात्रानें.

या पात्राची कथा डोंगरावर सुरू होते. स्कॉटलंडांतील बेन नेव्हिस या शिखरावर पूर्वीं एक वेधशाळा होती. १८९४ च्या सप्टेंबरांत सी. टी. आर. विल्सन नांवाचा तरुण कांहीं दिवस तेथें राहिला. खालच्या ढगांवर पडलेलें ऊन आणि सावल्यांभोंवतीं उमटणारीं रंगीत वलयें पाहून, तीं प्रयोगशाळेंत उत्पन्न करावीं अशी इच्छा त्याला झाली. त्यानें पात्रांत दमट हवा कोंडली व ती एकदम प्रसरण पावूं दिली. हवा थंड झाली आणि धुकें धरलें. पुढें त्याच्या ध्यानांत आलें कीं हवेंत विद्युत्भारित अणु असले तर त्यांच्याभोंवतीं पाण्याचे थेंब फार सहज जमतात. वेगवान विद्युत्कण हवेंतून जातांना जवळच्या अणूंतून इलेक्ट्रॉन उडवून देतो आणि मागें अशा विद्युत्भारित अणूंची रांगच ठेवतो; त्यांवर थेंब जमले म्हणजे एक बारीक पांढरी रेघ उमटते. १९११ सालीं विल्सननें या रेघांचीं छायाचित्रें घेतलीं. ज्या कणाला कोणीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें व पाहण्याची आशाहि नव्हती, त्याचा माग असा प्रत्यक्ष दिसूं लागला. या मेघपेटीबद्दल विल्सनला १९२७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं या रेघेला वाट म्हणूं नये असें सांगणारा लेख प्रसिद्ध झाला, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

मेघपेटींतील रेघ दिसत तरी होती; अणूच्या आंतली रेघ कल्पनेनेंच काढलेली होती. डेन्मार्कच्या नील्स बोहरनें १९१३ सालीं हायड्रोजनच्या अणूचें जें चित्र दिलें, त्यांत मध्यें जड केंद्र आणि त्याभोंवतीं ग्रहाप्रमाणें ठराविक कक्षांतून फिरणारा इलेक्ट्रॉन होता. हायड्रोजनच्या प्रकाशांतील रंग या चित्रावरून बिनचूक निघाले, परंतु दोन इलेक्ट्रॉनांच्या हीलियमपाशींच गणित अडलें. चित्र डोळ्यांना इतकें भावणारें होतें कीं तें मोडावयास धैर्य लागलें. तें धैर्य २३ वर्षांच्या एका जर्मन तरुणानें केलें. १९२५ च्या जून महिन्यांत वेर्नर हायझेनबर्ग हा, फुलांच्या परागांमुळें होणाऱ्या सर्दीनें बेजार होऊन, उत्तर समुद्रांतील हेल्गोलांड या उघड्याबोडक्या बेटावर जाऊन राहिला. त्याचा सुजलेला चेहरा पाहून घरमालकिणीची समजूत झाली कीं हा कोणाशीं तरी मारामारी करून आला आहे. तेथें त्यानें ठरविलें कीं इलेक्ट्रॉनची कक्षा कोणींच पाहिलेली नाहीं, तर गणितांतून तिला काढूनच टाकावें. अणूंतून निघणाऱ्या प्रकाशाची कंपनसंख्या मोजतां येते, तीव्रता मोजतां येते. तेवढ्यांचेंच गणित मांडावें. रात्रीं तीनच्या सुमारास तें गणित जुळलें. झोंप लागणें शक्यच नव्हतें. तो बेटाच्या दक्षिण टोकाच्या एका खडकावर चढला आणि सूर्य उगवण्याची वाट पाहत बसला.

पुढच्या वर्षीं बर्लिन येथें त्यानें या विषयावर व्याख्यान दिलें. श्रोत्यांत आइन्स्टाइन होता. व्याख्यान संपल्यावर तो त्या तरुणाला आपल्या घरीं घेऊन गेला. तेथें जें संभाषण झालें तें हायझेनबर्गनें पुढें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. आइन्स्टाइनचा आक्षेप अगदीं सरळ होता. अणूंत इलेक्ट्रॉन आहेत हें तुम्हांला मान्य, पण त्यांची वाट मान्य नाहीं; मग मेघपेटींत इलेक्ट्रॉनची वाट धडधडीत दिसते तिचें काय करावयाचें? जो कण पेटींत वाटेनें जातो तो अणूंत शिरतांच वाट विसरतो, असें का म्हणावयाचें? डोळ्यांना दिसेल तेवढेंच शास्त्रांत घ्यावें या तुमच्या आग्रहालाहि अर्थ नाहीं, असें आइन्स्टाइनचें म्हणणें पडलें. कारण काय दिसूं शकतें हें आधीं सिद्धांतच ठरवितो. हायझेनबर्गजवळ त्या दिवशीं उत्तर नव्हतें.

दरम्यान दुसऱ्याच बाजूनें एक वेगळें चित्र पुढें आलें. फ्रान्सच्या लुई द ब्रॉय यानें १९२४ सालीं असें सुचविलें कीं प्रत्येक कणाबरोबर एक लाट असते आणि कणाचें वस्तुमान व वेग वाढले कीं त्या लाटेची लांबी कमी होते. आस्ट्रियाच्या एर्विन श्रोडिंगरनें १९२६ सालीं त्या लाटेचें समीकरण लिहिलें. अमेरिकेंत डेव्हिसन व जर्मर यांनीं निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, तेव्हां तो एखाद्या लाटेप्रमाणें ठराविक कोनांतच अधिक जोरानें परतला. स्कॉटलंडांत जी. पी. टॉमसनलाहि असाच पुरावा मिळाला. या टॉमसनच्या वडिलांना, म्हणजे जे. जे. टॉमसनला, १९०६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें व इलेक्ट्रॉन हा कण आहे हें सिद्ध करणारा म्हणून त्याची ख्याति होती. मुलाला १९३७ सालीं तेंच पारितोषिक इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हें दाखविल्याबद्दल मिळालें. बापलेकांपैकीं कोणीच चुकलेला नव्हता.

पण ही लाट कशाची? पाण्याची लाट पाण्यांत असते, नादाची हवेंत असते. श्रोडिंगरला प्रारंभीं वाटलें कीं इलेक्ट्रॉनच पसरून लाट झाला आहे. परंतु अर्धा इलेक्ट्रॉन कोणालाहि कधींच सांपडलेला नाहीं; सांपडतो तेव्हां सगळाच्या सगळा एका ठिकाणीं सांपडतो. माक्स बोर्ननें १९२६ सालींच याचा उलगडा केला. लाटेची उंची जेथें अधिक तेथें कण सांपडण्याचा संभव अधिक, जेथें ती शून्य तेथें संभवहि शून्य. बोर्ननें आपल्या लेखांत प्रथम संभव हा लाटेच्या मापाइतकाच असतो असें लिहिलें, आणि मग मुद्रितें तपासतांना तळटीप घातली कीं तो मापाच्या वर्गाइतका असतो. पुंजयामिकीचा सारा व्यवहार आज या तळटिपेवर चालतो. बोर्नला तिच्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळावयास १९५४ साल उजाडलें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण तिच्याविषयीं सामान्यतः फार घोटाळा होतो. नव्या शास्त्रांत नियम उरलाच नाहीं, सारा जुगार झाला, असें पुष्कळ लोक समजतात. तसें नाहीं. आज लाट कशी आहे हें माहीत असलें आणि बलें माहीत असलीं, तर उद्यां ती कशी असेल हें श्रोडिंगरचें समीकरण न्यूटनच्याच काटेकोरपणानें सांगतें. नियम लाटेला आहे. पाऊल कोठें पडेल याचा मात्र संभवच सांगतां येतो. आइन्स्टाइनचें मन याला कधींच राजी झालें नाहीं. ईश्वर फांसे टाकीत नाहीं अशा आशयाचें पत्र त्यानें बोर्नला १९२६ च्या डिसेंबरांत लिहिलें.

लाटेचा स्वभाव पसरण्याचा आहे, आणि ती जितक्या लहान जागेंत कोंडावी तितकी सुटल्यावर अधिक वेगानें पसरते. एका अणूएवढ्या जागेंत कोंडलेला इलेक्ट्रॉन मोकळा सोडला, तर एका सेकंदांत त्याची लाट सुमारें ६०० किलोमीटर पसरते. म्हणजे इलेक्ट्रॉन मुंबईस सोडला असतां दुसऱ्या सेकंदाला तो हैदराबादेसहि सांपडण्याचा संभव! उलट मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाएवढा धुळीचा कण घेतला आणि त्याची जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत निश्चित केली, तर शंभर वर्षांतहि त्याची लाट फार तर एखाद्या अणूच्या रुंदीइतकी पसरेल. यामुळेंच धुळीच्या कणाला वाट आहे असें म्हणतां येतें. पण मग मेघपेटींतील इलेक्ट्रॉनची रेघ? लाट जर अशी सैरावैरा पसरते, तर पेटी सगळीच धुक्यानें भरून जावयास पाहिजे. रेघ कां उमटते?

१९२७ च्या फेब्रुवारींत बोहर व हायझेनबर्ग कोपनहेगन येथें या प्रश्नावर रात्रीं उशीरापर्यंत वाद घालीत आणि दोघेहि थकून जात. अखेर बोहर बर्फावर घसरण्याचा खेळ खेळावयास नॉर्वेंत निघून गेला. एकटा राहिलेला हायझेनबर्ग एका रात्रीं संस्थेच्या मागील बागेंत फिरावयास गेला असतां त्याला आइन्स्टाइनचे शब्द आठवले: काय दिसूं शकतें हें सिद्धांतच ठरवितो. त्या शब्दांनीं कुलूप उघडलें. मेघपेटींत खरोखर दिसतें काय? थेंब दिसतात. आणि थेंब तर इलेक्ट्रॉनच्या मानानें डोंगराएवढा. तेव्हां प्रश्न वाटेचा नव्हताच. इलेक्ट्रॉन सुमारें अमुक जागीं आहे व त्याचा वेग सुमारें अमुक आहे, एवढेंच नवें गणित सांगूं शकतें काय, हा प्रश्न होता; आणि त्याचें उत्तर ‘होय’ असें आलें. जागा जितकी अचूक ठरवावी तितका वेग अनिश्चित होतो आणि वेग अचूक ठरवावा तों जागा हातची जाते. त्या दोन अनिश्चिततांचा गुणाकार एका ठराविक मर्यादेच्या खालीं जात नाहीं, व ती मर्यादा माक्स प्लांकनें १९०० सालीं शोधलेल्या स्थिरांकावरून ठरते.

आंकडे घालून पाहिलें म्हणजे गूढ पुष्कळसें उकलतें. थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा धरला, तर त्यावरून इलेक्ट्रॉनची जागा तेवढीच निश्चित झाली. त्यामुळें त्याच्या वेगांत जी अनिश्चितता येणें अटळ आहे ती सेकंदाला सुमारें ६ मीटर. वेगवान इलेक्ट्रॉन तर सेकंदाला लाख किलोमीटर वेगानें जात असतो. त्याला ६ मीटर म्हणजे दर्यांत खसखस. म्हणून एका थेंबापुढें दुसरा थेंब जवळजवळ सरळ रेषेंतच पडतो. आतां तोच हिशेब अणूच्या आंत करावा. तेथें जागा थेंबाच्या लाखाव्या हिश्श्याएवढी, म्हणून वेगांतील अनिश्चितता लाखपट, सेकंदाला सुमारें ६०० किलोमीटर. आणि हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉनचा वेगच मुळीं सेकंदाला २,२०० किलोमीटरांच्या आसपास. वेगाचा एवढा मोठा वांटा जेथें अनिश्चित, तेथें कक्षा आंखणें म्हणजे पाण्यावर रेघ ओढणें. एकच नियम पेटींत रेघ देतो आणि अणूंत तीच नाकारतो. आइन्स्टाइनच्या आक्षेपाला उत्तर मिळालें, आणि तें त्याच्याच शब्दांच्या आधारें.

या लेखाला एक लहानशी शेपटी आहे. हायझेनबर्गनें उदाहरण म्हणून एका काल्पनिक सूक्ष्मदर्शकाचें वर्णन केलें होतें. नॉर्वेहून परतल्यावर बोहरनें त्यांतील चूक दाखविली. सूक्ष्मदर्शकाची मर्यादा कशावर अवलंबून असते हेंच लेखकानें नीट धरलें नव्हतें. १९२३ सालीं म्यूनिक येथें डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेंतहि हाच प्रश्न त्याला विचारला होता, तेव्हांहि उत्तर आलें नव्हतें आणि परीक्षेंत तो कसाबसा उत्तीर्ण झाला होता. परीक्षकाचा प्रश्न चार वर्षांनीं असा पुन्हां दारांत येऊन उभा राहिला!

तथापि एक कोडें उरलेंच होतें. रेडियमसारख्या धातूंच्या अणुकेंद्रांतून आल्फाकण बाहेर पडतात. केंद्राभोंवतीं जणूं एक भिंत असते, आणि न्यूटनच्या हिशेबानें ती ओलांडण्याइतकी ऊर्जा त्या कणाजवळ नसते. जॉर्ज गॅमोनें १९२८ सालीं दाखविलें कीं लाटेचा एक अत्यंत क्षीण अंश भिंतीच्या पलीकडे झिरपतो, म्हणून कण क्वचित् बाहेर सांपडतो. किती क्वचित्? नेहमींच्या युरेनियमचे निम्मे अणु फुटावयास ४५० कोटि वर्षें लागतात. पण ही बाहेर पडणारी लाट केंद्रापासून सर्व दिशांना सारखी, फुग्याप्रमाणें पसरते. लाट गोल आणि मेघपेटींतील माग सरळ, हें कसें?

याचें उत्तर नेव्हिल मॉट या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२९ सालीं दिलें, आणि तें या सबंध विषयांतील फार सुंदर उत्तरांपैकीं एक आहे. मॉट म्हणाला, एकट्या आल्फाकणाची लाट पाहूं नका. पेटींतील हवेचे अणुहि त्याच गणितांत घ्या. त्यानें दोन अणु घेतले आणि विचारलें, या दोघांवरहि आघात होण्याचा संभव किती? गणितांतून निघालें कीं केंद्र, पहिला अणु आणि दुसरा अणु हीं तिन्ही एका सरळ रेषेंत असलीं तरच तो संभव गणनेंत घेण्याजोगा राहतो, एरवीं तो जवळजवळ शून्य. पहिला थेंब कोणत्याहि दिशेला पडूं शकतो. पण तो पडल्यावर दुसरा, तिसरा, चौथा त्याच्याच रांगेंत पडणार. सरळ रेघ काढण्यासाठीं आधीं सरळ वाट असावी लागत नाहीं. येथें लाटेविषयींचा आणखी एक गैरसमज दूर होतो. ती खोलींत किंवा पेटींत पसरलेली वस्तु नसून, सर्व कणांच्या सर्व शक्य स्थितींवर पसरलेलें एक गणित आहे.

पाऊल आणि लाट यांचा हा संबंध जपानांत अकिरा तोनोमुरा व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८९ सालीं डोळ्यांपुढें उभा केला. इलेक्ट्रॉनला दोहों बाजूंनीं जातां येईल अशी योजना करून त्यांनीं इतके विरळ इलेक्ट्रॉन सोडले कीं एका वेळीं यंत्रांत बहुधा एकाहून अधिक नसे. पडद्यावर एकेक ठिपका पडूं लागला. पहिले शंभर ठिपके म्हणजे नुसते उधळलेले तांदूळ. ठिपके हजारांवर गेले तसे त्यांतून काळेपांढरे पट्टे दिसूं लागले, जसे दोन लाटा एकमेकींत मिसळल्यावर दिसतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटाच आला होता, दुसऱ्याशीं त्याची गांठहि पडली नव्हती. एकच बाजू उघडी असती तर हे पट्टे पडले नसते; तेव्हां तो एका बाजूनें गेला असें म्हणतां येत नाहीं. कोणत्या बाजूनें गेला हें पाहण्याची तजवीज केली तर पट्टे नाहींसे होतात.

मग चेंडूला वाट कोठून येते? अमेरिकेच्या रिचर्ड फाइनमननें १९४८ सालीं याचें जें स्पष्टीकरण दिलें तें घरगुती बुद्धीलाहि पटण्यासारखें आहे. कण एका वाटेनें जातो हें सोडून द्यावें आणि दोन स्थळांमधील सर्वच्या सर्व वाटा, सरळ, वांकड्या, वेड्यावांकड्या, हिशेबांत घ्याव्या. प्रत्येक वाटेचा वांटा लाटेसारखा चढउताराचा असतो. वस्तु जड असली तर शेजारशेजारच्या वाटांचे चढ आणि उतार एकमेकांस खाऊन टाकतात. केवळ एका वाटेच्या आजूबाजूला ते एकमेकांना जुळतात, आणि ती वाट न्यूटनची असते. क्रिकेटचा चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगानें फेंकला असतां त्याच्या लाटेची लांबी मीटरांत लिहावयाची तर दशांशचिन्हानंतर ३३ शून्यें देऊन मग पहिला आंकडा लिहावा लागतो. एवढ्या बारीक लाटेपुढें यष्टिरक्षकानें कसलीच काळजी करण्याचें कारण नाहीं.

कोपनहेगनचा हा निर्वाळा सर्वांनाच मान्य झालेला नाहीं. डेव्हिड बोमनें १९५२ सालीं असें गणित मांडलें कीं ज्यांत प्रत्येक कणाला निश्चित वाट आहे आणि लाट त्याला हात धरून नेते. त्याचीं भाकितें पुंजयामिकीच्या भाकितांशीं तंतोतंत जुळतात. मात्र त्या वाटा प्रत्यक्ष दाखवितां येत नाहींत, आणि दूर असलेल्या कणांचाहि एकमेकांवर तत्काळ परिणाम होतो हें मान्य करावें लागतें. आइन्स्टाइनला वाट हवी होती, परंतु बोमनें ती ज्या रीतीनें मिळविली ती त्याला फार स्वस्तांतली वाटली. आज जगांतील भौतिकशास्त्रज्ञ एकाच समीकरणानें गणित करतात, एकच उत्तर काढतात, आणि दोन थेंबांच्या मध्यें काय घडलें असें विचारलें तर निरनिराळें बोलतात.

विल्सनची पेटी आतां शाळेच्या प्रयोगशाळेंतहि होऊं शकते. काचेच्या बरणींत वरच्या बाजूस अल्कोहोलनें भिजविलेला कापडाचा पट्टा लावावयाचा, बरणी कोरड्या बर्फावर ठेवावयाची, दिवा मालवून एका बाजूनें बारीक प्रकाश सोडावयाचा. आकाशांतून येणारे म्युऑन नांवाचे कण हाताच्या तळव्याएवढ्या आडव्या जागेंतून मिनिटाला शंभराच्या आसपास जात असतात. त्यांच्यापैकीं कांहींचे माग काळोखांत एकाएकीं उमटतात, कोळ्याच्या तंतूसारखे बारीक. क्षणभर ते हवेंत तरंगतात, मग थेंब जड होऊन खालीं उतरतात आणि बरणी पुन्हां कोरी होते.